'तिला गोड बोलून घरी आण'

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

(पत्रं लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून गाव, शिक्षण, नोकरी असे तपशील बदलले आहेत.)

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा आहे. तालुक्याच्या गावी माझं खतं-औषधांचं दुकान आहे. मला एकच बहीण, २२ वर्षांची. नर्सिंग करून ती पुण्यात एका दवाखान्यात लागली. वर्षापूर्वी तिनं फक्त मला सांगितलं, की आमच्याच गावचा एक मुलगा आहे, माझ्या मागं दोन वर्षं शाळेत होता, बौद्ध समाजाचा, आता पुण्यात कंपनीत आहे. दोघं लग्न करणार आहेत. मी कुणाला बोललो नाही. दिवाळीनंतर भावकीतल्या कुणीतरी दोघांना स्वारगेटला एकत्र बघितलं. तेव्हापासून घरात स्वयंपाक होतो, पण जेवत कुणी नाही. वडील गप्प. दोन्ही चुलते रोज रात्री ओसरीवर येऊन बसतात. परवा थोरले चुलते मला म्हणाले, "ती तुझं ऐकते. आजीची तब्येत बिघडलीय म्हणून सांग आणि गोड बोलून घरी आण. पुढचं आम्ही बघतो." दुकानाचा गाळा त्यांच्या नावावर आहे. मी नाही म्हटलं तर रस्त्यावर येईन. आणलं तर ते काय करतील? दोन मुस्काटात मारतील आणि नात्यात लग्न लावून देतील, एवढंच असावं. मी काय करू?

उत्तर : आणू नकोस.

पुढचं सगळं सावकाश वाच, पण हे एवढं आजच्या आज ठरव. आजीचं नाव नाही, सणाचं नाही, सातबाऱ्यावर सही हवी म्हणूनही नाही. कुठल्याच कारणानं तू तिला घरी आणायचं नाहीस.

तुझ्या पत्रातल्या 'एवढंच असावं' या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. तू आधी ते 'एवढंच करतील' असं लिहिलं होतंस, मग खोडून 'असावं' केलंस. खोडलेलं मला दिसलं. तुझा स्वतःचाच त्यावर विश्वास नाही, म्हणून तर तू पत्र लिहिलंस.

मी २४ वर्षं समुपदेशन केंद्रात बसते. 'पुढचं आम्ही बघतो' हे वाक्य मी किती घरांतून ऐकलं असेल, सांगता येणार नाही. बोलणाऱ्याला बहुतेकदा त्या रात्री ठाऊकच नसतं पुढचं म्हणजे काय. ते ओसरीवर रोज थोडं थोडं ठरत जातं. पहिल्या रात्री 'समजावू' असतं. दोन दिवसांनी कुणी म्हणतं, समजावून ऐकणाऱ्यातली ती नाही. मग कुणीतरी चावडीवर काय बोलतात ते सांगतं, आणि त्यात एखादं वाक्य पदरचं घालतं. नाक कापलं, तोंड काळं केलं, हे शब्द एकदा सुरू झाले की जो सगळ्यात कठोर बोलेल तोच घराण्याचा खरा माणूस ठरतो. 'जाऊ द्या, तिचं ती बघेल' म्हणणारा भित्रा ठरतो. दहाव्या रात्री जे ठरतं ते पहिल्या रात्री त्यातल्या कुणाच्या मनातही नसतं.

हे दहा दिवस असतात, हे मला तुझ्यामार्फत सगळ्या भावांना सांगायचंय. पेपरात बातमी येते ती 'रागाच्या भरात' अशी. माझ्यासमोर आलेल्या प्रकरणांत राग कमी आणि तयारी जास्त होती. कुणी मोबाईल काढून घ्यायचा, कुणी बसस्टँडवर नजर ठेवायची, कुणी मुलाच्या घराची माहिती काढायची, अशी कामं वाटलेली असतात. आणि मुलगी घराबाहेर असेल तर एक काम ठरलेलं, तिला परत आणायचं. ते नेहमी तिच्या सगळ्यात लाडक्या माणसाला देतात, कारण दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नसते. तुझ्या घरात ते तुझ्याकडे आलंय.

डिसेंबर २०२१ मध्ये वैजापूर तालुक्यात काय झालं ते तू वाचलं असशील. १९ वर्षांची मुलगी, मनाप्रमाणे लग्न करून सासरी नांदत होती, पोटुशी होती. आई आधी एकदा येऊन भेटून गेली. तिला वाटलं, राग गेला. काही दिवसांनी आई आणि भाऊ दोघं आले. माहेरचं माणूस आलं म्हणून ती चहा ठेवायला उठली. भावानं कोयत्यानं तिला मारलं आणि त्या वेळी आईनं तिचे पाय धरले होते, असं पोलिसांनी सांगितलं. तुझ्या चुलत्यांच्या मनात हेच आहे असं मी म्हणत नाही. पण आपुलकीनं बोलावणं किंवा आपुलकीनं भेटायला जाणं हीच या हिंसेची नेहमीची वाट आहे. कायदाही फक्त कोयता धरणाऱ्याला बघत नाही. ठाऊक असून जो बोलावून आणतो, तोही कटातला माणूस ठरतो.

आता माझं एक सांगते. २००९ साली एक मुलगी केंद्रात आली होती, २१ वर्षांची. घरचे मारतात, शिक्षण बंद केलंय, म्हणाली. आम्ही वडिलांना बोलावलं. ते रडले. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र लिहून दिलं, 'मुलीला त्रास देणार नाही, तिच्या मर्जीविरुद्ध लग्न करणार नाही.' सगळ्यांनी चहा घेतला. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "जा बाळा, वडील आहेत." तीन आठवड्यांत तिचं लग्न सीमेपलीकडच्या एका गावात, तिनं कधी न पाहिलेल्या माणसाशी लावून दिलं. मला कळलं तेव्हा चार महिने उलटले होते. ते हमीपत्र अजून माझ्या खणात आहे. त्यानंतर मी मुलीचा ताबा घरच्यांना देऊन कुठलीही समजूत घातलेली नाही. बोलणी करायची तर ती सुरक्षित जागी असताना, तिची इच्छा असेल तर, आणि ती परत त्याच जागी जाणार या अटीवर.

तू काय करायचंस? आधी तिला सांग. घरच्या वायफायवरून नको, तुझ्या नेहमीच्या फोनवरून नको, दुकानात औषधं पोचवणाऱ्या पोराचा फोन घे. 'सांभाळून रहा' असं मोघम बोलू नकोस, तिला ते रोजचंच वाटेल. चुलते जे बोलले ते शब्दाला शब्द सांग. आजी आजारी म्हणून कुणाचाही फोन आला, अगदी आईचा आला, तरी यायचं नाही, हे ठरवून घ्या. तिचं हॉस्टेल किंवा खोली घरच्यांना माहीत असेल तर ती बदलायला हवी. कामावरच्या सिस्टरना तिनं सांगून ठेवावं, की चौकशीला कुणी आलं तर ड्यूटीची वेळ सांगू नका.

त्या मुलालाही लगेच कळायला हवं. तुझ्या पत्रात त्याच्याबद्दल दोनच ओळी आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. अशा प्रकरणात पहिला वार बरेचदा त्याच्यावर किंवा गावात राहणाऱ्या त्याच्या आईवडिलांवर होतो. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात २०१४ मध्ये १७ वर्षांच्या दलित मुलाला गावातल्या वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो एवढ्यावरून मारून झाडाला लटकवलं. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. तुझ्या ओसरीवर 'इज्जत' म्हणतात, तिच्यात निम्म्याहून जास्त जात आहे. तो मुलगा आपल्यातला असता तर चुलत्यांनी आदळआपट केली असती आणि मग बस्ता बांधायला तेच पुढं झाले असते. हे तुला ठाऊक आहे.

मग तिनं पुण्यातच लेखी अर्ज द्यायचा. ती राहते त्या पोलीस ठाण्यात एक, पुण्याच्या पोलीस आयुक्तांना एक आणि आपल्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना एक. अर्जात 'जिवाला धोका आहे' एवढ्यावर थांबायचं नाही. कोण, नात्यानं काय लागतो, त्याचा मोबाईल नंबर, गाडीचा नंबर, काय बोलला, कोणत्या तारखेला, हे सगळं यायला हवं. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोहोच घ्यायची, तोंडी 'बघतो' वर परत यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१८ रोजी शक्तिवाहिनी खटल्यात स्पष्ट सांगितलंय, की दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं तर घर, भावकी, जात, पंचायत कुणाच्याही संमतीची गरज नाही, आणि अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा हवा. निवाऱ्यात नाममात्र पैशांत महिनाभर राहता येतं, आणि गरजेप्रमाणे महिना-महिना वाढवून वर्षापर्यंत. लग्न व्हायचं असेल तर ते पोलीस संरक्षणात लावायला मदत करायची, असंही त्यात आहे. महाराष्ट्राच्या गृह विभागानं डिसेंबर २०२४ मध्ये याची कार्यपद्धती काढली. ठाण्यातल्या हवालदाराला हे माहीत नसेल तर रागावू नये, निकालाचं नाव आणि तारीख अर्जातच लिहावी. चौकशीला 'विशेष कक्ष' म्हटलं की बरेचजण महिला व मुलांच्या समुपदेशनाच्या कक्षाकडे बोट दाखवतात. तो वेगळा. तिथल्या ताई चांगल्या असतात, त्या मदत करतील, पण जोडप्यांसाठीचा कक्ष अधीक्षक किंवा आयुक्तांकडे विचारायचा.

लग्नाबद्दल एक गैरसमज घराघरात आहे. वकिलाकडे स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या, नोटरीचा शिक्का मारला, म्हणजे लग्न झालं असं नाही. उद्या मिसिंगची तक्रार झाली की त्या कागदाला कुणी विचारत नाही. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, त्यामुळे हे दोघं कुठल्याही एकाच्या रीतीप्रमाणे खरोखर विधी करून लग्न करू शकतात आणि मग नोंदणी करू शकतात. विशेष विवाह कायद्यानं करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयाच्या फलकावर लागते आणि ३० दिवस थांबावं लागतं. ज्यांच्या मागावर माणसं आहेत त्यांच्यासाठी ते ३० दिवस फार लांब असतात. दोघांपैकी एकाला हिंदू विवाह कायदा लागू नसेल, म्हणजे एक हिंदू किंवा बौद्ध आणि दुसरा मुस्लिम असेल, आणि कुणाला धर्म बदलायचा नसेल तर तोच रस्ता आहे. अशा वेळी आधी सुरक्षित जागा, मग नोटीस, हा क्रम चुकवू नये.

आणि तुझं काय? चुलत्यांशी भांडू नकोस, भाषण तर अजिबात देऊ नकोस. 'ती माझा फोन उचलत नाही' म्हण आणि गप्प बस. दहा दिवस मोडायला तेवढं पुरतं कधीकधी. वडिलांना मात्र एकटं गाठ, रात्री ओसरीवर नको, सकाळी पाण्याच्या पाळीला जातात तेव्हा. बापमाणूस चारचौघांत जे बोलतो ते एकट्यात बोलत नाही. त्यांना विचार, "आबा, तिला काही झालं तर तुम्हाला चालेल का?" उत्तराची घाई करू नकोस. माझ्या अनुभवात गप्प बसलेला बाप पुष्कळदा कुणीतरी आपल्याला थांबवावं याची वाट बघत असतो. ते कच्चे निघाले, चुलत्यांकडे बोलतील असं वाटलं, तर पुढचं काही सांगू नकोस. गाळा जाईल ही भीती खरी आहे, मी तिला लहान म्हणणार नाही. दुकानाचा परवाना आणि उधारीच्या वह्या तुझ्या ताब्यात ठेव, दुसरा गाळा गुपचूप बघायला लाग. तुझ्याच अंगावर कुणी आलं तर ११२ तुझ्यासाठीही आहे.

शेवटचं काम. तिच्या शाळा सोडल्याचा दाखला, आधार, नर्सिंगची मूळ प्रमाणपत्रं आईच्या लोखंडी कपाटात असणार. वयाचा पुरावा हातात नसला की सज्ञान मुलीला अज्ञान ठरवायचा प्रयत्न होतो. कागद काढ, आणि दुकानाचा माल आणायला पुण्याला जाशील तेव्हा तिच्या हातात नेऊन दे. भाऊबीजेला तू तिला काय घातलंस माहीत नाही, पण ही ओवाळणी तिला आयुष्यभर पुरेल.

प्रश्न : मी माझ्या मैत्रिणीसाठी लिहितेय. ती २० वर्षांची, सोलापूर जिल्ह्यातली. तिचं एका मुलाशी बोलणं घरी कळलं. कॉलेज बंद केलं, मोबाईल फोडला, बाहेरून कडी लावतात. कुणीतरी मोहिनी घातली म्हणून देवऋषीकडे नेऊन उदी चारली, झाडूनं मारलं. आता नात्यात सुपारी फुटलीय, तिथी जवळ आहे. शेळ्यांना पाला टाकायला मागं येते तेव्हा खिडकीतून दोन मिनिटं बोलता येतं. पोलीस म्हणतात, आईवडील आहेत, घरचा मामला आहे.

उत्तर : तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी तू दिलेल्या नंबरवर बोलले, ते छापून येण्याची वाट पाहिली नाही. तुझी मैत्रीण आता त्या घरात नाही, एवढंच इथं लिहिते. खालचं तुझ्यासारख्या इतर मैत्रिणींसाठी.

घरचा मामला हे उत्तर चुकीचं आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सुनांसाठी आहे असं फार लोकांना वाटतं, काही पोलिसांनाही. लेकीलाही तो तितकाच लागू आहे, बाप, भाऊ, चुलता यांच्याविरुद्ध. त्या कायद्याच्या नियमांबरोबर जो तक्रारीचा नमुना आहे, त्यात मानसिक छळाखाली चक्क लिहिलंय: घराबाहेर पडू न देणं, नको असताना लग्नाची सक्ती करणं, आवडीच्या माणसाशी लग्न करू न देणं. या कायद्याखाली सरकारनं नेमलेला संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडे तो नमुना भरून द्यायचा. वकिलाला पैसे नसले तरी अडत नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही स्त्रीला मिळकत न बघता फुकट वकील मिळतो, फोन १५१००. कोंडून ठेवलेल्या माणसाला शोधून समोर आणण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १०० आहे. सक्तीनं लग्न लावण्यासाठी मुलीला पळवून नेणं हा तर गंभीर गुन्हा आहे. आणि झाडूनं मारून मोहिनी उतरवणाऱ्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्या बाबालाही तक्रारीत घ्या.

पण कायद्याहून महत्त्वाचं ते पोलीस दारात येतात त्या पाच मिनिटांचं. हे खिडकीतून सांगून ठेवायचं. पोलीस विचारतात, "तुला काही त्रास आहे का?" बाप शेजारी उभा असतो. मुलगी म्हणते, "नाही." गाडी परत जाते आणि त्या रात्री तिची खैर नसते. म्हणून फोन करतानाच तुम्ही सांगा, की तिला घरच्यांपासून वेगळं, महिला पोलिसासमोर विचारा. आणि तिनं एकच वाक्य पाठ करावं, "मला इथं राहायचं नाही, मला मॅजिस्ट्रेटसमोर न्या." बाकी काही सुचलं नाही तरी चालेल. तक्रार केली कुणी हे घरच्यांना कळू देऊ नका, आणि घरच्याच नंबरवर परत फोन करू नका हे पोलिसांना स्पष्ट सांगा. ११२ लावा, १८१ ही महिलांसाठीची लाइन लावा. मुलगी १८ च्या आतली असेल तर १०९८, मग तो बालविवाहाचाही गुन्हा होतो. तिथून सुटली की सखी केंद्रात, म्हणजे संकटातल्या बायकांसाठीच्या सरकारी केंद्रात, पाच दिवस राहता येतं, त्या पाच दिवसांत पुढच्या निवाऱ्याची सोय करायची.

आणि तिनं घरात 'मी पोलिसात जाईन' अशी धमकी आधी देऊ नये. धमकी दिली की तिला दुसऱ्या गावी हलवतात, आणि मग ती खिडकीही उरत नाही.

प्रश्न : माझ्या लेकीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं. सात महिने झाले. मालकांनी जिवंतपणी तिचं दहावं घातलं, चौकात श्रद्धांजलीचा फलक लावला. गावकीनं आमच्याकडं येणंजाणं बंद केलंय, धाकटीला स्थळं येत नाहीत. मला तिची फार आठवण येते. पण तिच्यामुळं हे भोगतोय म्हणून रागही येतो. मी काय करावं?

उत्तर : वहिनी, तुमचा राग मला कळतो. पण जरा तपासून बघा, भोगायला लावतंय कोण. लेकीनं लग्न केलं. येणंजाणं गावकीनं बंद केलं. असा बहिष्कार घालणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, जुलै २०१७ पासून त्याचा स्वतंत्र कायदा लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. देशात असा कायदा पहिल्यांदा आपण केला. तक्रार करायची की नाही ते तुम्ही ठरवा, गावात राहायचं तुम्हाला आहे. पण पुढच्या वेळी कुणी 'दंड भरा, जातीत घेतो' म्हणालं तर त्याला या कायद्याचं नाव तरी सांगा. पुष्कळदा तेवढ्यावर आवाज खाली येतो.

धाकटीच्या स्थळांचं तुम्हाला खोटं सांगणार नाही. काही घरं येणार नाहीत. पण थोरलीच्या लग्नावरून जी घरं मागं फिरली, तिथं धाकटी कशी नांदली असती याचाही विचार करा.

फलकाचं मात्र मनाला लावून घेतलं मी. तो अजून चौकात असेल तर मालकांना म्हणा, काढा. ऐकणार नसतील तर तुमच्या दिरांना म्हणा. पोरगी मेली असं सात महिने रोज बघितलं, की कुणाला तरी ते खरं करायची हुक्की येते.

आणि तिला फोन करा. स्वतःच्या फोनवरून भीती वाटत असेल तर आशाताईंच्या किंवा बचत गटातल्या कुणाच्या फोनवरून. जेवलीस का विचारा, तब्येत विचारा, सासूबाई कशा आहेत विचारा. कुठं राहतेस ते विचारू नका. ती सांगायला लागली तर म्हणा, "नको, मला नको सांगूस." म्हणजे उद्या मालकांनी किंवा कुणीही तुम्हाला खोदून विचारलं तरी तुमच्याजवळ सांगायला काही नसेल.